नाइन इंच नेल्स : एका माणसाचा बँड

नाइन इंच नेल्स हा अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात १९८८ साली सुरू झालेला इंडस्ट्रियल संगीताचा प्रकल्प. त्याचे नाव बँडचे आहे, पण २०१६ सालापर्यंत त्याचा कायम सदस्य एकच होता : ट्रेंट रेझनर.

इंडस्ट्रियल संगीत इंग्लंडमध्ये जन्मले. थ्रॉबिंग ग्रिसल या गटाने १९७६ मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी काढली आणि तिच्यावरूनच या प्रकाराला नाव मिळाले. यंत्रांची घरघर, टेपचे कापून जोडलेले तुकडे आणि मुद्दाम फाटू दिलेला आवाज ही त्याची सामग्री; कानाला सुखावणे हा त्याचा हेतूच नव्हता. १९८० च्या दशकात कॅनडातील स्किनी पपी आणि शिकागोच्या मिनिस्ट्री या बँडांनी त्यात नाचता येईल असा ठेका आणला. रेझनरने त्याला गुणगुणता येणारी चाल आणि स्वतःच्या मनातली उलघाल दिली. त्यामुळे मोजक्या श्रोत्यांपुरते असलेले हे संगीत मोठ्या मैदानांपर्यंत पोहोचले.

रेझनरचा जन्म १९६५ चा. पेनसिल्व्हेनियातील मर्सर या लहान गावात तो आजी-आजोबांकडे वाढला आणि पियानो शिकला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचे शिक्षण अर्धवट सोडून तो क्लीव्हलंडला आला. तिथल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत तो साफसफाईपासून मदतनीसापर्यंत पडेल ते काम करी आणि स्टुडिओ मोकळा असला की मालकाच्या परवानगीने स्वतःची गाणी मुद्रित करी. मनासारखी साथ देणारे वादक मिळेनात, तेव्हा गायक प्रिन्सचे उदाहरण समोर ठेवून त्याने बहुतेक सर्व वाद्ये स्वतःच वाजवली. सॅम्पलर, सिंथेसायझर आणि कॉम्प्युटर यांमुळे हे शक्य झाले : एकदा नोंदवलेला ताल यंत्र हव्या तितक्या वेळा वाजवी आणि कोणताही ध्वनी सॅम्पलरच्या पट्टीवर बसवता येई.

१९८९ चा ‘प्रिटी हेट मशीन’ हा पहिला अल्बम असा तयार झाला. मैफलींसाठी मात्र वादक लागतच. रेझनर दर दौऱ्यासाठी संच जमवी आणि तो बदलत राही. स्टुडिओत एक, रंगमंचावर अनेक अशी ही दुहेरी ओळख होती. पुढे ध्वनिमुद्रण कंपनी कामात ढवळाढवळ करू लागल्यावर त्याने ‘ब्रोकन’ (१९९२) तिच्या नकळत मुद्रित केला. १९९४ च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ने त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. एका माणसाच्या आत्मनाशाची कथा त्यात गाण्यामागून गाण्यात उलगडते. त्यातले शेवटचे गाणे ‘हर्ट’ २००२ साली वृद्ध जॉनी कॅशने गायले, तेव्हा यंत्रांचा गोंगाट काढला तरी रचना उभी राहते हे स्पष्ट झाले.

यश आले तसे व्यसनही आले. ‘द फ्रॅजाइल’ (१९९९) नंतर सहा वर्षांनी, व्यसनमुक्त होऊन, रेझनरने ‘विथ टीथ’ काढला. २००७ मध्ये मोठ्या कंपनीशी असलेला करार संपला. पुढच्याच वर्षी ३६ वाद्यरचनांचा ‘घोस्ट्स’ त्याने स्वतः प्रसिद्ध केला आणि ‘द स्लिप’ हा अल्बम इंटरनेटवर मोफत दिला. ‘घोस्ट्स’मधील एक तुकडा पुढे लिल नॅस एक्सच्या ‘ओल्ड टाउन रोड’चा पाया ठरला. हे गाणे २०१९ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

‘घोस्ट्स’मध्ये इंग्लिश संगीतकार अॅटिकस रॉसचाही मोठा वाटा होता. दोघांनी मिळून ‘द सोशल नेटवर्क’ (२०१०) या चित्रपटाला संगीत दिले आणि ऑस्कर मिळवले. दुसरे ऑस्कर त्यांना जॉन बॅटिस्टसह ‘सोल’साठी (२०२०) मिळाले. रॉस २०१६ मध्ये नाइन इंच नेल्सचा अधिकृत सदस्य झाला आणि एकट्याचा बँड दोघांचा झाला. २०२० मध्ये नाइन इंच नेल्सला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

चित्रपटांना ही जोडी स्वतःच्या नावांनी संगीत देत असे. ‘ट्रॉन : एरीज’ (२०२५) चे संगीत मात्र नाइन इंच नेल्स या नावाने आले. वादक, कंपनी आणि माध्यम बदलत गेले, एकटेपणही सुटले; पण गोंगाटातून चाल घडवण्याची रेझनरची रीत पहिल्या अल्बमपासून कायम राहिली, आणि या प्रकल्पाची खरी ओळख तीच आहे.