लावणीआधी कंबर किती ताणावी?



जुलै उजाडला की बिरवाडीच्या काळ नदीकाठच्या खाचरांत माणसे ओणवी होतात. इरल्याच्या जागी प्लास्टिक आले, पण ओणवे राहणे काही सुटले नाही. तिसऱ्या रात्री घरोघरी तेलाची वाटी चुलीवर गरम होते. दोन रोपांत अंतर किती, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. लावणाऱ्याच्या अंगाचे कधी बोललो नाही. एकदा चार चूड लावून दाखवायला वाकलो आणि तसाच अडकलो! बाया पदराआड हसल्या.

वाकताना नुसती कंबर अडत नाही, मांडीमागचे स्नायूही आखडलेले असतात. मग ते किती ताणावेत? अमेरिकेत १९९४ साली तरुण माणसांवर याचा प्रयोग झाला. आठवड्यातून पाच दिवस, रोज एकदा, असे सहा आठवडे. १५ सेकंद ताणणाऱ्यांना न ताणणाऱ्यांपेक्षा काही जास्त मिळाले नाही. ३० सेकंदवाल्यांचा पाय चांगला मोकळा झाला, आणि ६० सेकंदवाल्यांचाही तितकाच. १९९७ च्या प्रयोगात दिवसातून तीनदा ताणूनही एकदापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. खताची दुप्पट मात्रा टाकून दुप्पट भात येत नाही, तसेच हे.

आजी-आजोबांचा हिशोब मात्र निराळा. पासष्टीपुढच्यांवर २००१ साली प्रयोग झाला, त्यात एकेक मिनिट, चार वेळा ताणणाऱ्यांना सर्वांत जास्त गुण आला.

रीत सोपी आहे. ओटीच्या पायरीवर टाच टेकवा, गुडघा सरळ ठेवा. पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुका. मांडीमागे ओढ लागली की थांबा आणि सावकाश तीस आकडे मोजा. मग दुसरा पाय. हिसके देऊ नका, श्वास कोंडू नका. दुखू लागले तर थोडे मागे या. पायात मुंग्या येत असतील किंवा कळ पोटरीखाली उतरत असेल, तर ताणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

लावणीच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. पुनर्वसूत लावणी धरली, तर सहा आठवडे मागे मोजून रोहिणी नक्षत्र येते. राब भाजून झालेला असतो, पेरणीची घाई अजून नसते. ओटीवर पाय ठेवायला सवड मिळते ती तेव्हाच.