पनवेल ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

माहेर पनवेलीस आणि सासर नागपुरास, अशी घरे आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. अशा घरी दुखण्याचे वर्तमान आले, म्हणजे पहिला प्रश्न उठतो तो हाच : पोहोचावयास किती वेळ लागेल? पनवेलीच्या वेशीवरील नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी वाहतूक सुरू झाली. तेव्हा हा हिशेब पुन्हा एकवार मांडून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

नकाशावर पट्टी ठेविली, तर हे अंतर सुमारे ६७० किलोमीटर भरते. आगगाडीची वाट मुंबईहून सव्वाआठशे किलोमीटरांच्या वर जाते. ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झालेला समृद्धी महामार्गही भिवंडीजवळील आमणे गावापासून ७०१ किलोमीटर आहे. डोंगरांना वळसे घालणे विमानास पडत नाही, हा त्याचा पहिला लाभ.

विमान एकदा उंचीवर गेले, की ताशी आठशे किलोमीटर सहज तोडते. या हिशेबाने नागपूर पन्नास मिनिटांवर यावे. परंतु प्रत्यक्षात सव्वा-दीड तास धरावा लागतो. धावपट्टीपर्यंत रांगेने सरकणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग आवरणे, प्रसंगी पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे, यांत उरलेला वेळ जातो. वाऱ्याचेही देणे असतेच. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे जोराने वाहतात. ते नागपुरास जाताना साह्य करितात आणि परतताना आडवे येतात.

तथापि प्रवास विमानात सुरू होत नाही, घरच्या उंबऱ्यावर सुरू होतो. आजवर पनवेलकरास सांताक्रूझ-सहारपर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटरांची वाट तुडवावी लागे. रस्ता तुंबला, तर तेवढ्यातच विमान नागपुरास टेकले असते! विमानाचा वेग कालही तोच होता, आजही तोच आहे. वाचला तो जमिनीवरचा वेळ. तपासणीच्या रांगेसाठी मात्र दीड-दोन तास हाताशी ठेवावेत, हे बरे. पूर्वी बोरघाट उतरून आलेला पुण्याचा वाटसरू पनवेलीच्या बंदरात मचव्यासाठी भरतीची वाट पाहत बसे. वाट पाहणे सुटले नाही. केवळ त्याचे रूप पालटले.

हा वाचलेला वेळ फुकट आलेला नाही, हेही विसरू नये. या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला आणि दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. त्यांचे उंबरे उठले, तेव्हा आपला उंबरा नागपूरच्या जवळ आला.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती, की दुखण्याच्या तारेची वाट पाहू नये. वाट सोपी झाली आहे, तर आईची प्रकृती ठीक असतानाच एकदा जाऊन तिच्याजवळ चार दिवस बसावे. इतका वेळ वाचला तो कशासाठी, याचे उत्तर तेथे मिळेल.