भीड आणि बाणा

‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं नेहमीं असते. परंतु स्वतःस ठेंच लागेपर्यंत तिचा अर्थ त्याच्या मनांत उतरत नाहीं. कचेरींतील कारकून आपलें काम अर्धवट असतां शेजाऱ्याची नोंदवही हातीं घेतो, आणि सायंकाळीं दोन्ही कामांतील चुका त्याच्याच नांवावर पडतात. एखादा गृहस्थ स्नेह्याच्या आग्रहास्तव कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करतो. १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें, वेगळा ठराव नसल्यास, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ऋणकोनें हप्ते थकविले कीं धनको सरळ जामिनाकडे येऊं शकतो. क्षणभराच्या संकोचाची किंमत अशा वेळीं सबंध कुटुंबाला मोजावी लागते.

भिडस्त मनुष्य आपल्या भिडेलाच सौजन्य समजतो. वस्तुतः या दोहोंत मोठें अंतर आहे. सौजन्यानें दिलेला होकार मनापासून असतो. भिडेच्या होकारामागें समोरच्याच्या नाराजीची भीति असते. म्हणूनच असा होकार देणारा पुढें मनांतल्या मनांत कुढतो, काम लांबणीवर टाकतो, आणि ज्याला दुखवावयाचें नव्हतें त्यालाच शेवटीं दुखवितो.

उलट टोकाचा दोष म्हणजे उर्मटपणा. आवाज चढविणें म्हणजे बाणेदारपणा नव्हे. महर्षि धोंडो केशव कर्वे स्वभावानें लाजाळू होते. १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांनीं कोणाशीं भांडण मांडलें नाहीं. परंतु घेतलेला मार्गहि सोडला नाहीं. १८९६ मधील अनाथ बालिकाश्रम आणि १९१६ मधील महिला विद्यापीठ हीं त्याच शांत निर्धाराचीं फळें होत.

हा गुण अभ्यासानें अंगीं बाणतो. पहिली गोष्ट, कोणत्याहि मागणीला तत्काळ उत्तर देऊं नये. ‘उद्यां सकाळीं सांगतों’ एवढें म्हटलें, तरी विचाराला अवसर मिळतो. दुसरी, नकार थोडक्यांत द्यावा व खोटी सबब सांगूं नये; कारण सबब दूर झाली कीं मागणी पुन्हां दाराशीं उभी राहते. तिसरी, वरिष्ठांपुढें माणसांविषयीं न बोलतां कामाविषयीं बोलावें. ‘साहेब, दोन्ही कामें आज पुरीं होणार नाहींत, आधीं कोणतें करूं?’ या प्रश्नांत अवज्ञा नाहीं. उलट निर्णयाचा भार जेथें असावयाचा तेथें जातो. चवथी, सकाळींच दिवसाचीं मुख्य कामें कागदावर मांडावीं. आपणांस काय करावयाचें आहे हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याचा दिवस दुसरेच वांटून घेतात.

आरंभ मात्र लहान गोष्टींपासून करावा. दुकानदारानें दहा तागे उलगडून दाखविले, तरी कापड पसंत नसल्यास तसें नम्रपणें सांगून उठावें. परत मिळालेले पैसे कमी भरले, तर ते तेथेंच मागून घ्यावे. अशा प्रसंगीं जीभ वळूं लागली कीं मोठ्या प्रसंगीं ती अडखळत नाहीं. आणि एवढें झालें म्हणजे माणसें दूर जातात, असेंहि नाहीं. ज्याला योग्य वेळीं ‘नाहीं’ म्हणतां येतें, त्याच्याच ‘होय’वर लोक विसंबून राहतात.