फूलभुंगेरा

बंगळूरच्या वायव्य भागातील मल्लेश्वरम या वस्तीत दोन जुने रस्ते झाडांच्या नावांनी ओळखले जातात. एक मार्गोसा रस्ता, म्हणजे कडुनिंबाचा. दुसरा संपिगे रस्ता, म्हणजे सोनचाफ्याचा. ज्या काडु मल्लेश्वराच्या मंदिरावरून वस्तीला नाव मिळाले, ते 17 व्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी बांधविले असे मानले जाते. कन्नड भाषेत ‘काडु’ म्हणजे रान. 1898 च्या प्लेगनंतर येथे घरांची दाटी वाढली आणि रान मागे हटले. तरीही परसातील गुलाबावर त्या रानाचा एक जुना रहिवासी अजून भेटतो. तो म्हणजे फूलभुंगेरा.

भुंगा आणि भुंगेरा हे शब्द बोलण्यात एकमेकांत मिसळतात. पण प्राणी वेगळे आहेत. लाकूड पोखरून घर करणारा, गुंजारव करणारा काळा भुंगा हा मधमाशीचा नातलग. भुंगेरा मात्र ढालपंखी गणातला. त्याच्या पुढच्या पंखांची कठीण ढाल झालेली असते आणि उडण्याचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. या गणाच्या सुमारे 4 लाख जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

बागेत नेहमी दिसणारा फूलभुंगेरा तांबूस-नारिंगी रंगाचा असून त्याच्या अंगावर काळे डाग व बारीक पांढरे ठिपके असतात. महाराष्ट्रातील माळरानांवर पावसाळ्याच्या अखेरीस गवताच्या तुऱ्यांवर बसणारा हिरवा, चकचकीत भुंगेरा याच कुळातला. बहुतेक भुंगेरे उडताना ढाल उघडतात. हा ती मिटलेलीच ठेवतो आणि तिच्या कडेच्या खाचेतून खालचे पंख बाहेर काढून उडतो.

फूल आणि भुंगेरा यांचा संबंध फार प्राचीन आहे. म्यानमारमध्ये सापडलेल्या, सुमारे 9.9 कोटी वर्षांपूर्वीच्या अंबराच्या एका खड्यात अंगावर परागकण असलेला भुंगेरा जसाच्या तसा आढळला. हे संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. सोनचाफ्याच्या कुळातील अनेक फुले आजही परागीभवनासाठी मुख्यतः भुंगेऱ्यांवर अवलंबून असतात. संस्कृत काव्यात भ्रमर चंपकाकडे फिरकत नाही असा संकेत आहे. कवींना भुंगेरा दिसला नसावा, किंवा दिसूनही तो काव्यात घेण्याजोगा वाटला नसावा!

हा पाहुणा निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. परागकण खाताना तो पुंकेसर व पाकळ्या कुरतडतो, म्हणून गुलाब लावणाऱ्यांचा त्याच्यावर राग असतो. परंतु त्याचा खरा घात फुलावर होत नाही, खताच्या खड्ड्यात होतो. त्याची मादी कुजलेल्या पाल्यात किंवा जुन्या शेणखतात अंडी घालते. त्यांतून निघालेली पांढरी, वाकडी अळी दिसताच माणूस ‘हुमणी’ म्हणून ती ठेचतो. हा समज अगदीच निराधार नाही. हुमणी ऊस व भुईमुगाची मुळे खाऊन उभे पीक वाळवते. तिचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि शेतकरी फांद्या हलवून ते गोळा करतात. फूलभुंगेऱ्याची अळी मात्र मुख्यतः मेलेला पाला खाते व त्याचे बारीक खत करते.

दोघींतील फरक ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. अळी सपाट फरशीवर ठेवावी. हुमणी कुशीवर वळून पडते किंवा पायांनी सरपटते. फूलभुंगेऱ्याची अळी उताणी होते आणि पाय वर करून, पाठीवरील केसांच्या व वळ्यांच्या आधाराने सरळ चालू लागते. शेणखतात नारळावरील गेंड्या भुंगेऱ्याच्या अळ्याही असतात, पण त्या आकाराने बऱ्याच मोठ्या असतात आणि अशा पाठीवर चालत नाहीत.

मल्लेश्वरमसारख्या झाडांच्या वस्तीत पानगळीचा ढीग पेटविला की त्याबरोबर या अळ्याही जळतात. तोच ढीग परसाच्या कोपऱ्यात कुजू दिला, तर वाढ पूर्ण झालेली अळी माती आणि पाला यांचा अंड्यासारखा कोष करून त्यात स्वतःला बंद करून घेते. पुढे तो कोष फोडून नारिंगी भुंगेरा बाहेर येतो आणि उघडलेल्या पहिल्या फुलाकडे उडतो.