बालवर्ग : मुलाचा पहिला समाज

घराचा उंबरठा ओलांडल्यावर मुलाला भेटणारा पहिला समाज म्हणजे बालवर्ग. घरी वाटी त्याची, बाहुली त्याची, आईची मांडीही त्याचीच. वर्गात मात्र एका डबीतील खडू दहा हातांना पुरवावे लागतात. या बदलाने तीन-चार वर्षांचे मूल बावरले, रडले वा हिसकावू लागले, तर त्याला हट्टी किंवा आपमतलबी ठरविणे योग्य नव्हे. चारचौघांत वागण्याची रीत त्याला अद्याप शिकावयाची असते.

ही रीत पायरीपायरीने येते. अमेरिकेतील संशोधिका मिल्ड्रेड पार्टेन यांनी लहान मुलांच्या खेळाचे निरीक्षण करून १९३२ साली त्याचे टप्पे मांडले. मूल एकटे खेळते, इतरांचा खेळ पाहत राहते, शेजारी बसून आपापला खेळ खेळते, मग देवघेव करते आणि पुढे सर्वांच्या बेताने एकच खेळ रचते. म्हणून शेजारी बसून आपल्याच वाळूत रमलेले मूल एकलकोंडे नसते. ते वाटेवर असते. शिक्षिकेने प्रथम पाहावे, मग हात द्यावा.

वर्गाची मांडणीही पुष्कळ शिकविते. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत प्रत्येक साधन वर्गात एकच ठेवतात. ते दुसऱ्याच्या हाती असेल तर थांबावे लागते. त्यासाठी उपदेशाची गरज पडत नाही. भित्र्या मुलाची पाळी मात्र खरोखर येते की नाही, हे शिक्षिकेने पाहिले पाहिजे.

दोन मुले एका गाडीसाठी भांडू लागली की गाडी कपाटावर ठेवून देणे सोपे असते. त्याने शांतता होते, पण शिक्षण कोणाचेच होत नाही. त्यापेक्षा शिक्षिकेने मुलांच्या उंचीला बसावे, मारणारा हात हळूच धरावा, दोघांचे म्हणणे ऐकावे आणि ‘तुझे झाले की मला दे’ एवढे वाक्य ओठी द्यावे. सक्तीने मागितलेली क्षमा पोकळ असते. मोडलेला मनोरा पुन्हा रचण्यास हातभार लावणे मुलाला अधिक समजते.

भांडणाऱ्या मुलाकडे सर्वांचे लक्ष जाते. गप्प मूल मात्र नजरेआड राहते. बेळगाव, हैदराबाद, वडोदरा यांसारख्या गावी घरी मराठी आणि वर्गात कन्नड, तेलुगू, उर्दू वा गुजराती, असा प्रसंग नित्याचा आहे. अशा मुलाचे आठवडेच्या आठवडे टिकणारे मौन म्हणजे मंदपणा नव्हे. ते ऐकून साठवीत असते. त्याला भाषेवाचून होणारे जोडीचे काम द्यावे. सतरंजीच्या घडीला चार हात लागतात; तेथे ओळख होते आणि मागोमाग शब्द येतात. शिक्षिकेनेही त्याच्या घरच्या भाषेतील दहा-वीस शब्द शिकून घ्यावेत.

अंतर मोठ्यांनीच कमी करावयाचे असते, याचा दाखला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्यात सापडतो. आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ साली त्यांचे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. वस्तीतील मुले केंद्रात येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ साली कार्य कोसबाडला आले. तेथील आदिवासी मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत, गुरे राखीत. त्यांना दोष न देता पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीची माया येथे अडचण न ठरता शाळेचाच भाग झाली.

वर्षअखेरीस मुलाला किती अक्षरे आली, हे पालक विचारतातच. नव्या मुलासाठी ते सतरंजीवर आपणहून सरकून जागा करते काय, हेही त्यांनी अवश्य विचारावे.