शीळ घालणाऱ्या ट्रकला गप्प कसं करायचं?

अमेरिकेत लष्कराचे जुने ट्रक भंगारात जात नाहीत. निदान सगळे तरी जात नाहीत. त्यांचा लिलाव होतो आणि हौशी माणसं बोली लावून ते चक्क घरी आणतात. कुणाला शेतावर लाकडं वाहायची असतात, कुणाला मिरवणुकीत मिरवायचं असतं. बरेच जण मात्र काही कारण नसताना आणतात. आवडतो ना, मग झालं!

या मंडळींचा फार लाडका ट्रक म्हणजे ‘एम-35’. दहा टायर, तिन्ही आसांना इंजिनाचा जोर, लांबी साधारण पावणेसात मीटर आणि रिकामा असतानाच वजन सहा टनांच्या घरात. रस्ता नसलेल्या जागीही अडीच टन माल नेणार, म्हणून सैनिकांनी त्याचं नाव ठेवलं ‘ड्यूस अँड अ हाफ’, म्हणजे आपला ‘अडीचवाला’. 1950च्या सुमारास रिओ नावाच्या कंपनीने तो बनवायला घेतला, आणि पुढे व्हिएतनामच्या चिखलात त्याने वर्षानुवर्षं काढली.

गंमत म्हणजे या ट्रकला किल्लीच नसते. एक खटका फिरवायचा, बटण दाबायचं, की झाला चालू. (मग चोरी होऊ नये म्हणून? मालक स्टिअरिंगला साखळी बांधून कुलूप लावतात!) तर असा हा ट्रक रविवारी सकाळी एखाद्या शांत गल्लीत चालू होतो. पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. खिडक्यांच्या काचा थरथरतात, कुत्री भुंकायला लागतात, आणि समोरच्या घरातले आजोबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून बाहेर येतात.

आजोबांचं चूक नाही. यातल्या बऱ्याच ट्रकांचा धूर एका सरळसोट नळीतून वर जातो. ही नळी केबिनला लागूनच, उजव्या हाताला उभी असते. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणजे नळी येते बाजूला बसणाऱ्याच्या अगदी कानाशी. नळीत सायलेन्सर नाहीच. युद्धभूमीवर कुठले शेजारी तक्रार घेऊन येतात? केबिनमध्ये बसणाऱ्यांनी कानात बोळे घालावेत, अशी सूचनाच अनेक लष्करी ट्रकांत चिकटवलेली असते.

आता मालकाने ठरवलं, सायलेन्सर बसवायचा. पण कुठला? आणि तो नेमकं करतो तरी काय? ‘आवाज अडवतो’ असं उत्तर कुणीही देईल. मग नळीच्या तोंडाला बूच का मारू नये? आवाज शंभर टक्के बंद! हो, आणि इंजिनही बंद. खरी मेख इथेच आहे. त्या नळीतून दोन प्रवासी बाहेर पडत असतात. एक धूर, दुसरा आवाज. धुराला बाहेर जाऊ द्यायलाच हवं, आवाजाला मात्र आतच ठेवायचंय. दोघांना एकमेकांपासून वेगळं काढायचं कसं?

त्यासाठी आधी इंजिनात डोकावू. एम-35च्या नंतरच्या एका पिढीत, म्हणजे एम-35ए2मध्ये, 7.8 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आलं. हे महाशय खाण्यापिण्याच्या बाबतीत अजिबात चोखंदळ नाहीत. डिझेल द्या, रॉकेल द्या, विमानाचं इंधन द्या, अगदीच अडलं तर पेट्रोल द्या, सगळं गोड मानून घेतात. इंधन जाळायची ही तऱ्हा जर्मनीच्या ‘मान’ कंपनीकडून आलेली. आपल्या लष्कराचा जबलपूरला बनणारा ‘शक्तिमान’ ट्रकही याच कंपनीच्या परवान्यावर तयार व्हायचा. म्हणजे अडीचवाला आणि शक्तिमान लांबचे नातेवाईकच की!

सिलिंडरमध्ये इंधन जळतं, तापलेला वायू दट्ट्याला खाली ढकलतो, आणि मग बाहेर जायची झडप उघडते. त्या क्षणी आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो. दार उघडताच तो ‘फट्’कन नळीत घुसतो. या धक्क्याने नळीतल्या हवेत दाबाची लाट उठते आणि पुढे धावत सुटते. ही लाट म्हणजेच आवाज. वायू स्वतः मागून येतो, लाटेपेक्षा कितीतरी सावकाश. लाट मात्र त्या गरम नळीत सेकंदाला 450-500 मीटर पळते. बाहेरच्या साध्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटरच्या आसपास असतो. तापलेल्या वायूत तो वाढतो.

आता जरा गणित. घाबरू नका, तोंडी होण्यासारखं आहे. इंजिन मिनिटाला 1800 फेरे घेतंय असं धरा. म्हणजे सेकंदाला 30. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा ‘फट्’ करतो. सिलिंडर सहा, म्हणून एका फेऱ्यात तीन ‘फट्’. तीस त्रिक नव्वद! सेकंदाला 90 धक्के. इतके धक्के कानाला सुटे सुटे ऐकू येत नाहीत. त्यांची मिळून एक अखंड घुरघुर होते, पुरुषाच्या खर्जातल्या आवाजासारखी. आणि अशा एका लाटेची लांबी किती? सेकंदाला 480 मीटर धावणाऱ्या 90 लाटा, म्हणजे एकेक लाट सव्वापाच मीटरची. ट्रक पावणेसात मीटरचा आणि त्याच्या घुरघुरीची एक लाट सव्वापाच मीटरची! एवढ्या लांब लाटेला बोटभर नळीत पकडणार कसं? म्हणून तर ट्रकांचे सायलेन्सर स्कूटरच्या सायलेन्सरपेक्षा कितीतरी थोराड, पिंपासारखे असतात.

त्या पिंपात आत काय असतं? बहुतेकांना वाटतं, आत कापूस-बिपूस कोंबलेला असेल. काही सायलेन्सरांत खरंच तसं असतं. मधून भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेच्या धाग्यांची लोकर. भोकांतून शिरलेली लाट त्या धाग्यांत घासून घासून थकते आणि तिची किंचितशी उष्णता होते. पण ही युक्ती चालते कर्कश, बारीक आवाजांवर. सव्वापाच मीटरच्या लाटेला ती लोकर जुमानत नाही.

मोठ्या लाटांसाठी असतात खोल्या. पिंपात पत्र्याचे पडदे घालून दोन-तीन खोल्या पाडलेल्या असतात आणि त्या आखूड नळ्यांनी जोडलेल्या असतात. अरुंद नळीतून धावत आलेली लाट अचानक प्रशस्त खोलीत शिरते, तेव्हा तिचा काही भाग पुढे जातो आणि काही भाग चक्क उलटा फिरतो. भिंत नसतानाही! नुसती जागा रुंद झाली तरी लाट परतते. ही परतलेली लाट मागून येणाऱ्या लाटेला भेटते. कारागिराने खोलीची लांबी नीट जुळवलेली असेल, तर एकीचा जोराचा भाग दुसरीच्या ओसरत्या भागावर पडतो. झोपाळा तुमच्याकडे येत असताना कुणी त्याला पुढे ढकललं तर काय होतं? जागच्या जागी मंदावतो. लाटांचंही तसंच होतं. आवाजच आवाजाला गप्प करतो. धुराला या भानगडीशी देणंघेणं नसतं. तो नळ्यांमधून वळणं घेत आपला निघून जातो.

हे सगळं सुचलं कुणाला, त्याचीही एक नवलकथा आहे. हायरम मॅक्सिम नावाच्या माणसाने 1884च्या सुमारास आपोआप गोळ्या झाडत राहणारी मशीनगन बनवली. आयुष्यभर बंदुकांच्या कडकडाटात राहून त्याचे कान गेले. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम. त्याने काय केलं असेल? बंदुकीचा सायलेन्सर! 1909मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. न्हाणीघरातल्या टबमधून पाणी गोल गोल भोवरा करत जाताना पाहून त्याला ती कल्पना सुचली, असं सांगतात. मग त्याच्या ध्यानात आलं की बंदूक आणि इंजिन आवाजाच्या बाबतीत सख्खे भाऊ आहेत. दोन्हीकडे कोंडलेला तापलेला वायू एकदम सुटतो. मग त्याच्या कंपनीने इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट मात्र त्याही आधी, 1897मध्ये, रीव्ह्ज आडनावाच्या अमेरिकन भावांनी मिळवलं होतं.

चला, परत आपल्या ट्रककडे. मालक बहुतेक वेळा हमरस्त्यावरच्या मोठ्या मालट्रकांचा सायलेन्सर शोधून आणतो. सर्वांत मोठी लढाई असते ती जुनी नळी काढायची. पन्नासेक वर्षांचा गंज! नट फिरत नाहीत, फिरले तर तुटतात. त्यांच्यावर तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पाना लावायचा, आणि तरीही नाहीच सुटले तर ग्राइंडरने कापून काढायचे. मग नळी कापून मध्ये सायलेन्सर बसवायचा, दोन्ही टोकांना क्लँप आवळायचे. काही सायलेन्सरांवर धूर कुठून कुठे जायचा ते दाखवणारा बाण असतो. तो आधी बघायचा, उलटा बसवला तर सगळी मेहनत पुन्हा. पिंप जड असतं, म्हणून त्याला ब्रॅकेटचा आधार लागतो. सायलेन्सर आडवा, गाडीखाली बसवायचा असेल तर तो रबरी टांगण्यांवर लटकवतात. नाहीतर त्याची थरथर लोखंडातून थेट केबिनमध्ये येते आणि पुन्हा घूंऽऽ सुरू.

सांध्यातून धूर मात्र जराही गळता कामा नये. त्यात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण तो केबिनमध्ये शिरला तर जिवावर बेततं.

आणखी एक काळजी. बऱ्याच एम-35ए2मध्ये टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र गरगर फिरतं, आणि त्याच्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं. ताकद वाढावी यापेक्षा काळा धूर कमी व्हावा म्हणून तो बसवला होता. सायलेन्सर फार चिंचोळा निघाला तर धूर तुंबतो, टर्बो मंदावतो, हवा कमी पडते आणि इंजिन तापायला लागतं. हे इंजिन 1800 फेऱ्यांना, टर्बोची जादा हवा धरली नाही तरी, दर सेकंदाला शंभर लिटरहून जास्त हवा ओढतं. तापल्यावर ती फुगून दुपटीहून अधिक होते. एवढं सगळं विनातक्रार बाहेर गेलं पाहिजे. म्हणून शहाणा मालक धुराचं तापमान दाखवणारा काटा आधी बसवतो आणि सायलेन्सर नंतर. माझ्या मते हा क्रम उलटा करणाऱ्याने ट्रक पाळूच नये.

आणि पाणी! एक लिटर डिझेल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, हे ठाऊक होतं तुम्हाला? इंधनातला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते बनतं. गरम असताना वाफ होऊन निघून जातं, पण थंड सायलेन्सरमध्ये साचतं आणि आतून गंज चढवतं. म्हणून बऱ्याच सायलेन्सरांना खालच्या अंगाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. वरून पावसाचं पाणी येऊ नये म्हणून उभ्या नळीच्या तोंडावर एक झाकण असतं. ट्रक चालू असताना धूर ते उचलून धरतो आणि ते टकटक टकटक वाजत राहतं. बंद केला की खटकन मिटतं.

मग होतो का ट्रक शांत? होतो, पण आवाजाचा हिशेब मोठा लबाड असतो. कानाला आवाज निम्मा वाटायला हवा असेल, तर त्यातली दहातले नऊ हिस्से शक्ती काढून टाकावी लागते. निम्मी काढली तर फरक जेमतेम कळतो. आणि मोठी घुरघुर दबली की तिच्या आड लपलेले बाकीचे आवाज बाहेर येतात. गिअरची किणकिण, जाड नक्षीच्या टायरांचं गुणगुणणं, आणि टर्बोची शीळ! यातल्या काही ट्रकांचे टर्बो इतकी झकास शीळ घालतात की शौकीन त्यांना ‘व्हिसलर’ म्हणतात. ही शीळ हवा आत ओढणाऱ्या बाजूनेही निसटते, तिथे धुराच्या नळीतला सायलेन्सर काय करणार? पण तिच्याबद्दल मालकांची तक्रार नसतेच. घुरघुर जावी आणि शीळ राहावी, यासाठीच अनेकांचा खटाटोप असतो.

आपल्याकडे उलटीच तऱ्हा. चांगला सायलेन्सर काढून मोटारसायकल फटफट वाजवत न्यायची काही दादा लोकांना भारी हौस. आपल्या शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली घालून सपाट केले आहेत. ते उत्तम केलं.

आता तुमचं काम. काचेची रिकामी बाटली घ्या, तोंडाशी ओठ नेऊन आडवी फुंकर मारा. घुमते ना? तिच्यात थोडं पाणी ओता, पुन्हा फुंका. सूर चढला? हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याच गुणाचा अभ्यास केला होता, आणि सायलेन्सरातल्या काही खोल्या याच गुणाने ठरावीक सूर गिळतात. मग हे गणित सोडवा: चार सिलिंडरच्या टेम्पोचं इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेतंय, तर सेकंदाला धक्के किती? उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. सोबत एसटीच्या किंवा ट्रकच्या सायलेन्सरचं चित्रही काढा, पण ते उभ्या असलेल्या गाडीचं, लांबून बघून आणि मोठं माणूस बरोबर असताना. चालून आलेल्या गाडीच्या सायलेन्सरला हात लावू नका, तो भाजतो.