काळ्या पट्ट्याचा साप

इलॅपिडी सर्पकुलातील एक लहान विषारी साप. नाग व मण्यार यांचा समावेश याच कुलात होतो. याचे शास्त्रीय नाव नीलॅप्स कॅलोनोटस असे असून जातिवाचक शब्दाचा अर्थ ‘सुंदर पाठ असलेला’ असा आहे. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा साप फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनारपट्टीवर, पर्थच्या उत्तरेस लॅन्सलिनपासून दक्षिणेस मँडुराच्या परिसरापर्यंत, वालुकागिरी आणि वालुकामय मैदाने यांत आढळतो. जगात इतरत्र तो नाही.

याची लांबी सु. २५ सेंमी. असते, ऑस्ट्रेलियातील सर्वांत लहान विषारी सापांत याची गणना होते. शरीर सडपातळ असून खवले गुळगुळीत व चकचकीत असतात. शरीराच्या मध्यावर त्यांच्या १५ ओळी असतात. पाठीचा रंग नारिंगी-तांबडा असून तीवरून एक अरुंद काळा पट्टा शेपटीपर्यंत जातो. तुंड, डोक्याचा वरचा भाग व मानेचा मागील भाग यांवर काळे डाग असतात. पोट पांढुरके असते.

डोके लहान व मानेपासून स्पष्ट वेगळे न दिसणारे असते. त्यामुळे सुट्या वाळूतून सरकणे त्याला सोपे जाते. दिवसा तो वाळूत किंवा पालापाचोळ्याखाली राहतो व रात्री बाहेर पडतो. पाय ऱ्हास पावलेल्या, वाळूत राहणाऱ्या लेरिस्टा वंशातील लहान सापसुरळ्या हे त्याचे मुख्य भक्ष्य होय. मादी एका वेळी २ ते ५ अंडी घालते. तोंड लहान असल्यामुळे व विष अल्प असल्यामुळे माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

माणसापासून मात्र त्याला मोठा धोका आहे. १८२९ मध्ये वसविलेले पर्थ शहर त्याच्या अधिवासाच्या मध्यभागी असून ते किनाऱ्याला समांतर असे उत्तर-दक्षिण वाढत आले आहे. घरे व रस्ते यांखाली सुटी वाळू नाहीशी होते, भक्ष्यही नष्ट होते आणि उरलेल्या झुडपी रानांचे तुकडे एकमेकांपासून तुटतात. रस्त्यांनी व वस्तीने वेढलेल्या अशा तुकड्यांतून दुसरीकडे जाणे या लहान सापाला कठीण असते. तो जेथे राहतो त्या बँक्सिया वृक्षांच्या वनांना ऑस्ट्रेलियाच्या केंद्र शासनाने २०१६ मध्ये संकटग्रस्त परिसंस्था म्हणून घोषित केले. या सापाचे अस्तित्व अशी सलग वने राखण्यावर अवलंबून आहे.